एकवीसपैकी एकवीस

आमच्या कॉलेजच्या विद्वत् परिषदेचं इतिवृत्त बैठकीच्या दोन दिवस आधीच तयार असतं. ते मी लिहिते. एकोणीस वर्षं मीच लिहीत आले आहे आणि यात कुणाची फसवणूक होते असं मला कधी वाटलं नाही. मेजवानीत मेंढ्याचं कुठलं हाड कुणाच्या ताटात जायचं हे पाहुणे दारात यायच्या आधीच ठरलेलं असतं, तसंच हे. मानाप्रमाणे प्रत्येकाला आपला वाटा मिळतो आणि कुणी रुसत नाही.

मंगळवारी मी सगळं टाइप करते. कोण सूचना मांडणार, कोण अनुमोदन देणार, कोण ‘एक लहानशी शंका’ काढणार आणि त्या शंकेचं समाधान कसं होणार, सगळं. मग कात्री घेऊन ज्याची त्याची वाक्यं वेगळी कापते आणि अर्धं अर्धं पान ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवते. गुरुवारी दोन वाजता सभासद वरच्या दालनात जमतात आणि आपापलं पान वाचतात. संचालक मत विचारतात, हात वर होतात. ते कुणी मोजत नाही. सभासद मला धरून एकवीस, माझं पान तेवढं नसतं; ‘बाजूने एकवीस, विरोधात शून्य’ हे मंगळवारीच कागदावर उतरलेलं असतं. शेवटी सर्वांत वडीलधारा माणूस ओंजळ उघडून आशीर्वाद म्हणतो, आम्ही तोंडावरून हात फिरवतो आणि चहा येतो.

कोण काय वाचतं हे कुणी ऐकत नाही, हेही सांगून टाकते. दोष माणसांचा नाही, दालनाचा आहे. दक्षिणेला पाच मोठ्या खिडक्या आहेत, जेवण नुकतंच झालेलं असतं आणि एप्रिल उजाडेपर्यंत भिंतीतले खोली तापवणारे गरम पाण्याचे नळ कुणालाच बंद करता येत नाहीत. ऊन मांडीवर येऊन बसतं. कुणी गालात कुरुत, म्हणजे सुकवलेल्या दह्याची खारट गोळी, धरून चोखत असतो, कुणी डोळे उघडे ठेवून झोपलेला असतो. डोळे उघडे ठेवून झोपायला आपल्याला कॉलेजनं शिकवलं, असं गणिताच्या झुराकान एजे म्हणतात. त्या वयानं मोठ्या, म्हणून आम्ही सगळे त्यांना एजे म्हणतो आणि त्या आम्हाला वाटेल ते म्हणतात.

त्या मार्चमध्ये राजधानीतून पत्र आलं. अभ्यासक्रम आटोपशीर करा, निदान तीन विषय कमी करा, त्या जागी संगणक आणा. दोन विषय असे होते की त्यांना शिक्षकच उरला नव्हता. तिसरा संचालकांनी निवडला. तो होता नदीमापन. ओस्मोनाली अगायांचा.

अगाय म्हणजे मास्तर. पण नुसतं अगाय म्हटलं की आमच्या गावात ओस्मोनालीच डोळ्यांपुढे येतात. उंच, थोडे वाकलेले, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. परिषदेलाही तेच बूट घालून यायचे आणि लाकडी फरशीवर चिखलाची पावलं उमटवायचे. अडतीस वर्षं दर सोमवारी सकाळी ते भूगोलाच्या मुलांना घेऊन पुलाखाली नारीन नदीच्या काठावर जात. पाण्याची उंची, पाण्याचं तापमान, हिवाळ्यात बर्फाची जाडी, सगळं मोजायचं आणि वहीत लिहायचं. बस, एवढाच विषय. मीही त्यांच्याकडे तो शिकले आहे. बायको गेल्यावर त्यांच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नसे.

सोमवारी संचालकांनी मला बोलावलं. संचालक दोलोत माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे. माणूस वाईट नाही, पण वरून पत्र आलं की त्याला घाम फुटतो.

“एजे, एक करा,” तो म्हणाला. “अगायांच्या पानावर असं लिहा, की विषय बंद करायची सूचना ते स्वतःच मांडताहेत. वय झालं, नव्यांना वाट करून देतो, असं काहीतरी. तुमची भाषा गोड आहे.”

“त्यांच्याच तोंडून?”

“त्यांचा मान राहील हो.”

“बरं,” मी म्हणाले.

मला स्वतःची लाज वाटली. पण एकोणीस वर्षांत ‘बरं’ म्हणायची जिभेला अशी सवय लागली आहे की लाज पोचेपर्यंत ते बोलून झालेलं असतं.

मंगळवारी अंगात कणकण होती. लाल बोरांचा मुरंबा घातलेला चहा घेऊन मी टाइप करायला बसले. एकोणीस जणांचं पटापट झालं. विसावं, अगायांचं पान येईना. ‘मी, ओस्मोनाली,’ इतकं लिहून खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. खिडकीतून ऊन मानेवर येत होतं. कधी तरी मी टेबलावर डोकं टेकलं असणार.

मग नदी आली. जिन्यावरून न येता ती सरळ व्हरांड्यातूनच आली, अगदी सावकाश, हिरवट, आणि तिच्यावर बर्फाचे तुकडे एकमेकांना न लागता तरंगत होते. दालनाचं दार उघडंच होतं. परिषदेचे सगळे सभासद खुर्च्यांवर बसले होते आणि पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. कुणाला थंडी वाजत नव्हती. एकेक जण उठून बोलत होता आणि कुणाच्याही हातात पान नव्हतं. शार्शेन बोलला, झुराकान एजे बोलल्या, दोलोतही बोलला. बोलणं इतकं साधं होतं की हे आपण आजवर कधी ऐकलं कसं नाही, असं मला वाटत राहिलं. मी भराभर लिहून घेत होते. मधल्या धारेत ओस्मोनाली अगाय मापाची काठी धरून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, पण पाण्याच्या आवाजात मला एक अक्षरही कळत नव्हतं.

जाग आली तेव्हा गालावर टेबलाच्या कडेचा वळ उठला होता आणि पडद्यावर इतिवृत्त पूर्ण होतं. मी ते छापलं, कापलं, कप्प्यांत ठेवलं. ओस्मोनालींचं अर्धं पान कोरं निघालं, तेही ठेवलं. मी ते वाचलं होतं का, असं नंतर मला बऱ्याच जणांनी विचारलं. वाचलं होतं आणि नव्हतंही. ताप असला की दोन्ही जमतं.

गुरुवारी दोन वाजता सगळे जमले. ऊन नेहमीच्या जागी होतं. मी नेहमीप्रमाणे मागच्या टेबलावर, सगळ्यांच्या पाठीशी बसले.

पहिला उठला शार्शेन, व्यायामाचा शिक्षक. हजेरी घ्यावी त्या सुरात त्यानं वाचलं, “लहानपणी मी या नदीच्या बर्फावरून चालत शाळेत जायचो. आता बर्फ माणसाचा भार घेत नाही. हे कधीपासून झालं ते फक्त नदीमापनाच्या वह्यांत सापडेल. हा विषय राहावा, अशी सूचना मी मांडतो.” आणि बसला. बसताना जांभई दिली.

मी पेन घट्ट धरलं. आता कुणीतरी मान वळवेल, आता कुणीतरी म्हणेल, हे काय भलतंच.

झुराकान एजेंनी चष्मा चढवला. “माझ्या मते हा विषय गणिताच्या मुलांनाही सक्तीचा करावा. आकडा कुठून येतो हे त्यांनी एकदा हात गारठवून बघावं. माझं अनुमोदन आहे.” चष्मा उतरला.

असे एकेक करून सगळ्यांनी वाचलं. शेवटी दोलोतनं आपलं पान उचललं. “नदीमापन हा विषय कायम ठेवून सर्व विभागांना सक्तीचा करण्यात यावा. बाजूने?” हात वर झाले. “विरोधात? तटस्थ? बाजूने एकवीस. एकमतानं मंजूर.”

मी खोटं सांगणार नाही, मला आनंद झाला. काही न करता, नुसतं झोपून, मी एका माणसाचं आयुष्य वाचवलं होतं.

सगळ्यांनी आशीर्वादासाठी ओंजळी उघडल्या. परिषदेत सर्वांत वडील ओस्मोनाली अगायच होते, तेव्हा म्हणायचं त्यांनीच. आम्ही वाट पाहत राहिलो. वीस ओंजळी उन्हात तशाच उघड्या राहिल्या आणि ते काही सुरू करेनात. कुणीतरी खाकरलं. डोळे उघडे ठेवून झोपलेले एकेक जण जागे झाले.

“माझं पान कोरं आहे,” अगाय म्हणाले.

“असू दे अगाय,” दोलोत म्हणाला. “निकाल लागला. आता चहा.”

“एकवीस म्हणालास. कुठून आले?”

“म्हणजे?”

“माझा हात खाली होता. मी बघत बसलो होतो. सबिरा मागं लिहीत असते, तिचा हात कधीच वर नसतो. मग एकोणीस झाले. उरलेले दोन कुठले?”

कुणाला तरी हसू आलं. दोलोतला नाही आलं.

अगाय उठून उभे राहिले. “थंडीत पोरं नदीवर जात नाहीत. घरी शेगडीपाशी बसून आकडा लिहितात आणि वही आणून देतात. मला लगेच कळतं. खरा आकडा वेडावाकडा असतो, खोटा गुळगुळीत. ही सबिरा. दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा फेब्रुवारीचे तीन सोमवार बर्फाची जाडी हिनं चाळीस, चाळीस, चाळीस लिहिली होती. एवढी शहाणी नदी मी अजून पाहिली नाही.”

सगळे मागे वळून माझ्याकडे बघायला लागले. बावन्नाव्या वर्षी माझे कान तापले.

“हसू नका,” अगाय म्हणाले. “मीही इथं बसून इतकी वर्षं चाळीस-चाळीसच लिहीत आलो. तुमच्याबरोबर हात वर करत आलो. आज माझा विषय आला म्हणून शुद्धीवर आलो, यात मोठेपणा कसला. पण आलोय तर सांगतो. हा आकडा खोटा आहे. पुन्हा मोजा.”

“अगाय, निकाल तुमच्याच बाजूनं लागलाय हो,” दोलोत काकुळतीला येऊन म्हणाला.

“पानं खाली ठेवा आणि पुन्हा मोजा.”

तेव्हा कुठे दोलोतनं आपल्या हातातलं पान वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. “सबिरा एजे, हे काय आहे?”

“माझी चूक,” मी म्हणाले.

शार्शेनही आपलं पान उलटसुलट करून बघत होता. “हे मी बोललो? मी तर बंद करा म्हणणार होतो ना?” मग पान मांडीवर ठेवलं. “पण खरंय हे. आता भार घेत नाही बर्फ. गेल्या वर्षी माझ्या घोड्याचे पुढचे पाय गेले आत.”

“आणि मी सक्तीचा म्हणाले?” झुराकान एजे कपाळाला हात लावून म्हणाल्या. “अगं बाई. अगं सबिरा, माझ्या पोरांना जेवायला वेळ नाही, त्यांना नदीत कुठं उभं करतेस?” मग त्या अगायांकडे वळल्या. “पण अगाय, आता विचारतेच. रागावू नका. त्या विषयात नक्की असतं काय?”

एकोणीस वर्षांत परिषदेत एखाद्या विषयाबद्दल विचारला गेलेला, कुणाच्याही पानावर नसलेला तो पहिला प्रश्न. मला तो लिहून घ्यायचंही सुचलं नाही.

अगायांनी सांगितलं. आपली बाजू मांडायला एवढा वाईट माणूस मी पाहिला नाही. वर्गात सहा मुलं आहेत म्हणाले, त्यातली दोन येत नाहीत. वरच्या अंगाला सरकारनं यंत्र बसवलंय, ते दर तासाला आपोआप मोजतं, आणि ते माझ्या काठीपेक्षा बरोबर मोजतं, हेही त्यांनीच सांगितलं. कुणी विचारलंही नव्हतं.

“मग पोरं कशाला मोजतात?” झुराकान एजेंनी विचारलं. त्यात खोच नव्हती.

अगायांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर पाट सुटल्यासारखं छपरावरचं बर्फ वितळून वाहत होतं.

“मोजायला शिकायला,” ते म्हणाले.

मग बोलणं सुरू झालं ते थांबेना. एक जण म्हणाला, आईबाप संगणक मागतात आणि त्यांचंही चूक नाही. दुसरा म्हणाला, गेल्या उन्हाळ्यात शेताचं पाणी वाटायचं भांडण याच वह्यांवरून मिटलं. झुराकान एजे म्हणाल्या, वह्या ठेवा, विषय कशाला. शार्शेन म्हणाला, विषय गेला की वह्या उंदरांच्या. त्यावर दोघांची अशी जुंपली की चहा घेऊन आलेली बाई दारातच उभी राहिली. सगळे बोलत होते, एकमेकांना ऐकत होते, आणि पाण्याचा नाद मला कुठून येतोय ते कळत नव्हतं. ऊन खिडक्यांवरून निघून गेलं तरी कुणी पेंगलं नव्हतं.

शेवटी दोलोतनं विचारलं. या वेळी कागद न बघता. “विषय बंद करावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. आणि खाली घेऊ नका, मी मोजणार आहे.”

हात एकेक करून वर गेले. काही जड होऊन गेले, काही अर्धवट जाऊन थांबले आणि मग पूर्ण गेले. झुराकान एजेंचा गेला. त्यांनी अगायांकडे बघूनच तो वर केला, नजर चोरली नाही. दोलोतनं बोटानं मोजले. अकरा.

“राहावा असं ज्यांना वाटतं ते.”

मी पेन टेबलावर ठेवलं. एवढंसंच करायचं होतं, पण हात आपला नसल्यासारखा वर गेला. दोलोतची नजर सगळ्यांवरून फिरून मागे माझ्यापर्यंत आली आणि क्षणभर थांबली.

“दहा,” तो म्हणाला. “म्हणजे विषय बंद करण्याचा ठराव एकमता...” आणि अडखळला. रुमालानं मान पुसली. “बहुमतानं. अकरा विरुद्ध दहा. एजे, तसंच लिहा.”

अगायांनी ओंजळ उघडली. या छपराखाली बोलणं राहो, म्हणाले, आणि तोंडावरून हात फिरवला. आम्हीही फिरवला.

मी जिन्यापर्यंत त्यांच्या मागे धावले. खाली त्यांच्या बुटांचे ओले ठसे होते. मला रडू आवरत नव्हतं.

“अगाय, गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? कुणाला कळलं नसतं. विषय वाचला असता.”

“वाचला असता.” ते एका पायरीवर टेकले. गुडघे दुखायचे त्यांचे. “आणि सोमवारी पोरांना पुलाखाली नेऊन सांगितलं काय असतं मी?”

मी शेजारच्या पायरीवर बसले. ते बोटांवर मोजायला लागले.

“इतिवृत्तात नावं लिही,” म्हणाले. “माझ्या बाजूनं दोन-तीनच हात होतील असं मी धरलं होतं. शार्शेन. ग्रंथपालबाई. ते इतिहासाचे दोघे, ते मला नमस्कारसुद्धा करत नाहीत, पण त्यांनीही केला बघ. मग रसायनवाला. पुढच्या रांगेतले तिघे. आणि मी धरून नऊ.” त्यांनी पुन्हा मोजलं. “नऊच होतात. दोलोत दहा म्हणाला. चुकला बहुतेक. वर जाऊन सुधारून घे, खोटा आकडा नको.”

“दहाच होते, अगाय.”

“मी बघत होतो ना. दहावा कोण?”

“मी,” मी म्हणाले. “तुम्ही पाठमोरे होता.”

ते माझ्याकडे बघत राहिले. अडतीस वर्षांचं काम हातातून गेलं तेव्हा त्यांचा चेहरा हलला नव्हता. आता हनुवटी थरथरायला लागली. त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला, आणि मग त्यांनाही रडू आलं, अगदी मोठ्यानं, जिन्यावरून लोक खाली येत असताना.